बदललेल्या स्मृतिपृष्ठांची नोंद कशी ठेवावी

एखादी चालू प्रक्रिया फार वेळ न अडवता तिची संपूर्ण प्रत घ्यावयाची असो, एका यंत्रावर चालणारा आभासी संगणक त्यातील काम खंडित न करता दुसऱ्या यंत्रावर नेऊन बसवायचा असो, किंवा निरुपयोगी वस्तू वेचून जागा मोकळी करणाऱ्या गार्बेज कलेक्टरला मागील फेरीनंतर कोणत्या भागात लेखन झाले एवढेच जाणून घ्यावयाचे असो, या सर्व कामांत कर्नेलकडे एकच प्रश्न विचारावा लागतो: मागच्या वेळी पाहिले तेव्हापासून आतापर्यंत मेमरीची कोणती पृष्ठे बदलली? प्रश्न ओळभराचा आहे. परंतु त्याचे उत्तर अचूक, वेगाने आणि प्रक्रियेस उपद्रव न देता मिळावे यासाठी कर्नेलकारांना कित्येक वर्षे खपावे लागले, आणि ज्यांना हे उत्तर आपल्या प्रणालीत वापरावयाचे आहे त्यांनी त्या परिश्रमांचा तपशील समजून घेतला नाही, तर हाती आलेली प्रत वरून धडधाकट दिसूनही आतून खोटी निघण्याचा संभव राहतो.

या विषयात प्रथम प्रवेश करणाऱ्याचे लक्ष बहुधा लेखन घडले हे ओळखण्याच्या युक्तीवर खिळते, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण ती युक्ती मोठी सुंदर आहे. तथापि नोंदव्यवस्थेचा खरा कस लागतो तो दुसऱ्याच ठिकाणी: झालेली नोंद वाचणे आणि पुढच्या फेरीसाठी ती पुसणे ही दोन कामे एकाच अविभाज्य कृतीत होतात की नाही, आणि ती हव्या तेवढ्याच पट्ट्यापुरती करता येतात की नाही, यावर व्यवस्थेची सारी भिस्त असते. ज्या नोंदव्यवस्था मागे पडल्या त्या मुख्यतः याच कारणाने मागे पडल्या, असे माझे मत आहे; पुढील विवेचन लिनक्स कर्नेलच्या आधाराने केले आहे, कारण तेथील प्रत्येक टप्पा कोणालाही मूळ आज्ञावलीत उघडपणे पाहता येतो.

प्रारंभ हार्डवेअरपासून करावा लागतो. एक्स-८६ कुळातील प्रोसेसरावर मेमरीचे सामान्य पृष्ठ ४ किलोबाइटचे असते, आणि प्रत्येक पृष्ठामागे पृष्ठकोष्टकात एक नोंद असते. त्या नोंदीतील सहाव्या क्रमांकाचा बिट, ज्याला डर्टी बिट म्हणतात, पृष्ठावर पहिले लेखन होताच प्रोसेसर स्वतः उचलून ठेवतो. आयबीएमच्या सिस्टम-३७० यंत्रांत हीच माहिती पृष्ठकोष्टकात नसून भौतिक मेमरीच्या प्रत्येक खंडाला जोडलेल्या संरक्षक किल्लीत ठेवलेली असे. असा बिट हाताशी असताना वेगळी व्यवस्था कशाला, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, हा बिट कर्नेलच्या स्वतःच्या कारभारासाठी आधीच राखून ठेवलेला असतो: पृष्ठ डिस्कवर लिहावयाचे बाकी आहे की नाही, ते बाहेर काढताना स्वॅपमध्ये जतन करावे की नुसते टाकून द्यावे, हे कर्नेल याच बिटावरून ठरवतो. एखाद्या उपयोजकाने आपल्या सोयीसाठी तो बिट पुसला, तर कर्नेल त्या पृष्ठाला स्वच्छ समजून टाकून देईल आणि माहिती कायमची नष्ट होईल. म्हणून उपयोजकासाठी स्वतंत्र, सॉफ्टवेअरमध्ये जपलेली खूण लागते.

ही खूण कशी उमटवावी, याची युक्ती जुनी आहे. व्हॅक्स संगणकांना पृष्ठाचा वापर झाला की नाही हे सांगणारा बिट नव्हता. तेव्हा बर्कले येथे बाबाओग्लू आणि जॉय यांनी पृष्ठे मुद्दाम अग्राह्य ठरवून, प्रक्रियेने त्यांना हात लावताच उद्भवणाऱ्या फॉल्टवरून तो बिट सॉफ्टवेअरमध्येच निर्माण केला, आणि १९८१ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. लेखनाच्या बाबतीत हेच तत्त्व असे लागू होते: पृष्ठावर लेखनबंदी घालावी, प्रक्रियेने लिहू पाहताच फॉल्ट होऊन ताबा कर्नेलकडे येतो, कर्नेल खूण करतो, बंदी उठवतो आणि प्रक्रियेला पुढे जाऊ देतो, त्या पृष्ठावरील पुढची सर्व लेखने विनाअडथळा चालतात. म्हणजे एका फेरीत एका पृष्ठामागे फॉल्टचा खर्च एकदाच पडतो, मग त्यावर एक बाइट लिहिला जावो की सबंध पृष्ठ भरून जावो.

लिनक्समध्ये २०१३ साली, ३.११ या आवृत्तीत, सॉफ्ट-डर्टी नावाने आलेली सोय याच तत्त्वावर उभी आहे. तिचा मुख्य ग्राहक चालू प्रक्रियेची स्थिती गोठवून जतन करणारा आणि पुन्हा जिवंत करणारा क्रियू हा प्रकल्प होता. वापरण्याची रीत सोपी आहे: प्रोक फाइलप्रणालीत त्या प्रक्रियेच्या नावे असलेल्या 'क्लिअर-रेफ्स' या फाइलीत ४ हा आकडा लिहावा, म्हणजे प्रक्रियेच्या सर्व पृष्ठांवरील खुणा पुसल्या जाऊन त्यांच्यावर लेखनबंदी लागते, काही काळ जाऊ द्यावा, मग 'पेजमॅप' ही फाइल वाचावी, जिच्यात प्रत्येक पृष्ठामागे ६४ बिटांची एक नोंद असते आणि तिचा ५५ व्या क्रमांकाचा बिट पृष्ठ बदलले की नाही ते सांगतो.

आता या सोप्या रीतीतील खोच पाहण्यासाठी एकाच पृष्ठावर नजर ठेवू. समजा, आपला निरीक्षक कार्यक्रम पेजमॅप वाचत आहे आणि सातव्या पृष्ठाची खूण कोरी आहे, असे त्याने टिपून घेतले. तो आठव्या पृष्ठाकडे वळला आणि त्याच क्षणी दुसऱ्या कोअरवर चालणाऱ्या प्रक्रियेने सातव्या पृष्ठावर एक आकडा लिहिला; कर्नेलने इमानाने खूण केली. निरीक्षक शेवटच्या पृष्ठापर्यंत वाचून संपला आणि पुढील फेरीची तयारी म्हणून त्याने क्लिअर-रेफ्समध्ये ४ लिहिला. सातव्या पृष्ठावरील ती ताजी खूण इतरांबरोबर पुसली गेली. तो बदल या फेरीच्या यादीत नाही, कारण वाचून झाल्यावर तो घडला. पुढील फेरीच्या यादीतही नाही, कारण पुसण्यापूर्वी तो घडला. प्रक्रियेने त्या पृष्ठावर पुन्हा काही लिहिले नाही, तर आपल्या प्रतीतील सातवे पृष्ठ कायमचे जुने राहील, आणि कोठेही त्रुटीचा संदेश येणार नाही. क्रम उलटा करून आधी पुसावे आणि मग वाचावे म्हटले, तर मागील सर्व काळाची नोंदच वाचण्यापूर्वी नष्ट होते. यावर सॉफ्ट-डर्टीच्या चौकटीत एकच उपाय आहे: वाचणे आणि पुसणे चालू असेपर्यंत प्रक्रियेला स्तब्ध ठेवणे. क्रियू तसेच करतो, आणि त्याच्या कामात ते चालूनही जाते. पण ज्या कार्यक्रमाला सेकंदातून कित्येकदा ही विचारणा करावयाची आहे, त्याला प्रत्येक वेळी सारे थ्रेड गोठवणे परवडण्याजोगे नसते.

याशिवाय आणखी काही उणिवा आहेत. क्लिअर-रेफ्सचा हुकूम सबंध प्रक्रियेला लागू होतो. तुम्हाला फक्त एका १६ मेगाबाइटच्या पट्ट्यात रस असला, तरी बंदी सगळीकडे बसते आणि फॉल्टचा भुर्दंड सगळीकडे पडतो. पेजमॅपच्या वाचनाचा आकारही विचारात घ्यावा: ६४ गिगाबाइट मेमरीत ४ किलोबाइटची १,६७,७७,२१६ पृष्ठे होतात, आणि प्रत्येकी ८ बाइट धरल्यास एका फेरीत १२८ मेगाबाइट नोंदी वाचाव्या लागतात, जरी त्यांपैकी बदललेली पृष्ठे शंभरच असली तरी. त्यात भर म्हणजे नव्याने मागितलेल्या मेमरीच्या सबंध विभागाला कर्नेल बदललेला समजतो. हे आवश्यकच आहे, नाहीतर एक विभाग काढून त्याच जागी दुसरा बसवल्याचे कोणाला कळणार नाही. परंतु शेजारचे दोन विभाग कर्नेलने आपल्या सोयीने एकत्र जोडले की ती खूण जुन्या भागालाही चिकटते, आणि ज्यांना कोणी स्पर्शही केला नाही अशी पृष्ठे यादीत येतात. शिवाय ही सोय प्रत्येक प्रोसेसर-कुळावर सुरुवातीपासून उपलब्ध नव्हती.

विंडोजवर ही अडचण फार पूर्वी ओळखली गेली होती. तेथे मेमरी मागतानाच त्या विभागावर लेखन-पहारा ठेवण्याची विनंती करता येते, आणि 'गेट-राइट-वॉच' हे फंक्शन दिलेल्या पट्ट्यातील बदललेल्या पृष्ठांचे पत्ते परत देते. त्याला पुनःस्थापनेचा फ्लॅग दिला, तर पत्ते देता देताच ते पहाराही नव्याने बसवते. विंडोजसाठी लिहिलेले कार्यक्रम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइन या प्रकल्पाला ही सोय लेखनबंदी आणि सिग्नल यांच्या साह्याने नकलून द्यावी लागे, आणि ती महाग पडे. खेळांच्या वेगापायी उभी राहिलेली ही निकड लिनक्सच्या नव्या व्यवस्थेमागील एक प्रमुख प्रेरणा ठरली. ती व्यवस्था म्हणजे ६.७ या आवृत्तीत, जानेवारी २०२४ मध्ये, आलेला 'पेजमॅप-स्कॅन' हा आयऑक्टल.

सॉफ्ट-डर्टी व्यवस्थेत काही बदलले आहे काय हे पाहण्यासाठी जणू गावातील प्रत्येक सातबारा उतारा काढून वाचावा लागतो. तलाठ्याच्या दप्तरात फेरफारांची नोंदवही मात्र वेगळी असते, आणि ज्याला फक्त फेरफार हवे आहेत त्याने तीच उघडावी अशी योजना असते. पेजमॅप-स्कॅन अशी नोंदवही आपल्या हाती देतो. त्याला पट्ट्याचा आरंभ आणि अंत सांगावा, कोणत्या प्रकारची पृष्ठे हवीत ते सांगावे, आणि तो सलग पट्ट्यांची छोटी यादी परत देतो. न बदललेल्या पृष्ठांबद्दल एक अक्षरही खर्च होत नाही, आणि पृष्ठकोष्टकाची वरची पायरीच रिकामी असेल तर तिच्याखालचा सारा प्रदेश एकाच पावलात ओलांडला जातो. सर्वांत महत्त्वाचे हे की, 'जुळलेल्या पृष्ठांवर लेखनबंदी घाल' असा फ्लॅग दिल्यास कर्नेल पृष्ठकोष्टकाच्या त्याच कुलुपाखाली खूण पाहतो, बंदी घालतो आणि टीएलबीतील, म्हणजे प्रोसेसरने पृष्ठकोष्टकातून उचलून जवळ ठेवलेल्या साठ्यातील, जुन्या नोंदी रद्द करतो. सातव्या पृष्ठाची जी हकीकत वर सांगितली, ती येथे घडू शकत नाही: लेखन कुलुपापूर्वी झाले तर ते या यादीत येते, नंतर झाले तर बंदीवर आदळून पुढच्या यादीत येते.

वापरण्याची सिद्धता अशी करावी. प्रथम यूझरफॉल्टएफडी, म्हणजे पृष्ठांवरील फॉल्ट उपयोजकाला हाताळू देणारी कर्नेलची सोय, उघडून त्यात असिंक्रोनस लेखनबंदीची सोय मागावी. मग हवा तो पट्टा लेखनबंदीच्या प्रकारात नोंदवावा आणि त्यावर पहिली बंदी घालावी. त्यानंतर प्रत्येक फेरीत पेजमॅप-स्कॅन बोलवावा. येथे तीन बाबी ध्यानात ठेवाव्यात, कारण प्रत्यक्ष कामात बहुधा त्यांतच घोटाळा होतो. यादीसाठी दिलेली जागा भरली की कर्नेल मध्येच थांबतो आणि कोठे थांबला तो पत्ता परत देतो. पुढचे आवाहन त्याच पत्त्यापासून केले नाही, तर पट्ट्याचा उरलेला भाग तपासलाच जात नाही, आणि छोट्या चाचणीत हे कधीच उघडकीस येत नाही. दुसरी बाब, पट्ट्यात बंदीसाठी न नोंदवलेला विभाग आला तर नकार द्यावा असा एक वेगळा फ्लॅग आहे. तो आवर्जून द्यावा, म्हणजे नोंदणीबाहेरचा प्रदेश गुपचूप निसटण्याऐवजी स्वच्छ त्रुटी हाती येईल. तिसरी बाब क्रमाची: आधी स्कॅन आणि बंदी, मग पृष्ठाची प्रत. प्रत घेत असतानाच लेखन झाले तर ती प्रत अर्धी जुनी, अर्धी नवी निघेल, पण तेच पृष्ठ पुढील फेरीत निश्चित येईल. उलट प्रत आधी घेऊन बंदी नंतर घातली, तर मधल्या क्षणाचे लेखन गमावण्याचा जुना दोष आपण स्वहस्ते परत आणू.

असिंक्रोनस प्रकारात फॉल्ट आल्यावर कर्नेल स्वतःच बंदी उठवून मोकळा होतो, लेखन करणारा थ्रेड क्षणभरच अडतो. ५.७ या आवृत्तीपासून उपलब्ध असलेल्या सिंक्रोनस प्रकारात मात्र तो थ्रेड थांबून राहतो, निरोप आपल्या हाताळणी-थ्रेडकडे येतो, आणि आपण परवानगी दिल्यावरच लेखन घडते. या दोहोंतील निवड आवडीची नाही. पृष्ठ बदलले एवढेच कळणे पुरेसे असेल, तर असिंक्रोनस प्रकारच घ्यावा. परंतु बदल होण्यापूर्वीचा मजकूर जतन करावयाचा असेल, जसे एका विशिष्ट क्षणाची स्थिती टिपताना लागते, तर सिंक्रोनस प्रकाराला पर्याय नाही, कारण असिंक्रोनस खूण दिसेपर्यंत जुना मजकूर नाहीसा झालेला असतो. आभासी संगणक चालवणाऱ्या क्यूएमू या कार्यक्रमाने ६.० आवृत्तीत आणलेले पार्श्वभूमीतील स्नॅपशॉट सिंक्रोनस लेखनबंदीवरच आधारलेले आहेत.

आभासी संगणकाच्या स्थलांतरात हाच प्रश्न अधिक तीव्र स्वरूपात उभा राहतो. तेथील प्रचलित पद्धत अशी: संगणक चालू असतानाच सारी मेमरी एकदा पाठवावी, मग त्या अवधीत बदललेली पृष्ठे पाठवावीत, मग ती पाठवताना बदललेली, असे करत शिल्लक पुरेशी लहान झाली की संगणक क्षणभर थांबवून शेवटचा हप्ता द्यावा. स्टॅनफर्डच्या व्ही-सिस्टमसाठी ही कल्पना १९८५ मध्ये मांडली गेली, आणि केंब्रिजच्या संशोधकांनी आभासी संगणक चालवणाऱ्या झेन या हायपरवायझरवर २००५ मध्ये ती करून दाखवली तेव्हा चालू क्वेक-३ खेळाचा सर्व्हर जेमतेम ६० मिलिसेकंद थांबला होता. येथे एक हिशेब आधीच मांडून ठेवावा. सेकंदाला १० गिगाबिटच्या जोडणीवरून, इतर खर्च वगळून, सुमारे ३ लाख पृष्ठे जाऊ शकतात. संगणक त्याहून अधिक वेगवेगळी पृष्ठे दर सेकंदाला मळवत असेल, तर कितीही फेऱ्या केल्या तरी शिल्लक आटणार नाही. अशा वेळी नोंदव्यवस्था सुधारून काहीही साधत नाही. संगणकाचा वेग तात्पुरता कमी करावा, किंवा आधी संगणक हलवून पृष्ठे मागाहून मागवण्याचा मार्ग पत्करावा. म्हणून स्थलांतरापूर्वी पृष्ठे मळण्याचा दर मोजण्याची सवय लावून घ्यावी.

लिनक्समधील केव्हीएम या हायपरवायझरमध्ये प्रथमपासून असलेली नोंद म्हणजे प्रत्येक पृष्ठामागे एक बिट असलेला बिटमॅप. ६४ गिगाबाइटसाठी तो अवघा २ मेगाबाइटचा होतो, तरीही संगणक निष्क्रिय असताना तो पूर्ण चाळावाच लागतो. वाचताक्षणीच पुसणाऱ्या जुन्या पद्धतीची दुसरी अडचण अशी की, सबंध मेमरीवर एकदम बंदी घालताना केव्हीएमचे कुलूप दीर्घकाळ अडकून पडे, आणि बंदी बसल्यापासून प्रत्यक्ष पाठवणी होईपर्यंत एकच पृष्ठ विनाकारण पुन्हा मळलेले दिसे. म्हणून पुढे वाचणे आणि पुसणे वेगळे करून, पाठवणीच्या अगदी आधी लहान तुकड्यांत पुसण्याची मुभा देण्यात आली. वरच्या विवेचनाशी हे विसंगत वाटू नये: येथे केव्हीएम बिट दाखवल्यानंतरही स्वतःजवळ राखतो आणि ज्या बिटांचे काम झाले तेवढेच उपयोजक नावानिशी परत करतो, त्यामुळे वाचण्यात न आलेली खूण पुसली जाण्याची वाट बंदच राहते. ५.११ या आवृत्तीत आलेली डर्टी रिंग आणखी पुढे गेली: प्रत्येक आभासी प्रोसेसराला आपली स्वतंत्र वर्तुळाकार यादी मिळाली, आणि ती भरत आली की तो प्रोसेसर आपोआप थांबतो. याचा एक लाभ लगेच डोळ्यांत भरत नाही: जो प्रोसेसर सर्वाधिक लेखन करतो तोच सर्वाधिक वेळा थांबतो, म्हणजे वेगाला लगाम नेमका जेथे घालावयास हवा तेथेच बसतो.

हार्डवेअरनेही यात हात दिला आहे. इंटेलच्या ब्रॉडवेल पिढीपासून प्रोसेसर बदललेल्या पृष्ठांचे पत्ते स्वतःच ५१२ ओळींच्या एका यादीत लिहू लागला, आणि यादी संपली की तेवढ्यापुरता ताबा हायपरवायझरकडे देतो, लिनक्सने ४.० आवृत्तीत त्याचा स्वीकार केला. प्रत्येक पृष्ठामागे एक फॉल्ट येण्याऐवजी ५१२ पृष्ठांमागे एक व्यत्यय, हा लाभ लहान नव्हे.

मोठ्या पृष्ठांचा विचार मात्र स्वतंत्रपणे करावा लागतो. २ मेगाबाइटच्या पृष्ठात ४ किलोबाइटची ५१२ पृष्ठे मावतात. ते अखंड ठेवून नोंद घेतली, तर एका बाइटच्या बदलापायी २ मेगाबाइट पाठवावे लागतात, आणि ते फोडले तर नोंद बारीक होते, पण टीएलबीची बचत हातची जाते. विखुरलेली लहान लेखने करणाऱ्या कार्यक्रमासाठी नोंद चालू असेपर्यंत फोडणे हितकर ठरते. सलग मोठे पट्टे भरणाऱ्या कार्यक्रमासाठी ते नुकसानीचे असते. मोजल्याविना येथे निर्णय करू नये.

आता या व्यवस्थेला न दिसणाऱ्या गोष्टींकडे येऊ, आणि येथे वाचकाने अधिक सावध असावे. नेटवर्क कार्ड किंवा डिस्क-नियंत्रक थेट मेमरीत लिहितात तेव्हा ते लेखन प्रोसेसरच्या पृष्ठकोष्टकातून जातच नाही. लेखनबंदी त्यांना अडवू शकत नाही, आणि त्यांच्यासाठी उपकरणांचे पत्ते भाषांतरित करणाऱ्या आयओएमएमयूच्या कोष्टकातील वेगळ्या डर्टी बिटांचा आधार घ्यावा लागतो. फोर्क केलेल्या अपत्य प्रक्रियेला, खास मागणी केली नसेल तर, यूझरफॉल्टएफडीची नोंदणी वारशाने मिळत नाही; विभाग दुसऱ्या पत्त्यावर हलवला तरी तीच गत. मॅडव्हाइज वापरून प्रक्रियेने एखादे खासगी पृष्ठ टाकून दिले, तर ते लेखन नव्हे, तरीही पुढच्या वाचनात तेथे शून्ये मिळतात, म्हणजे मजकूर बदलला आहे; आपली व्यवस्था या प्रसंगी काय सांगते ते स्वतः तपासून घ्यावे. फाइलीच्या सामायिक मॅपिंगमधून झालेली लेखने तर एके काळी खुद्द कर्नेललाही वेळेवर कळत नसत, आणि २००६ च्या २.६.१९ या आवृत्तीत तेथेही लेखनबंदीचीच युक्ती आल्यानंतर मळलेल्या पृष्ठांच्या संख्येवर मर्यादा राखणे शक्य झाले. याउलट, तोच आकडा त्याच जागी पुन्हा लिहिला तरी पृष्ठ बदललेले म्हणून नोंदले जाते. असे पुष्कळ घडत असेल, तर पाठवण्यापूर्वी जुन्या प्रतीशी किंवा तिच्या हॅशशी तुलना करून पाहावी.

ज्यांना स्वतः कर्नेलच्या या भागात सुधारणा करावयाच्या आहेत त्यांनी एक नियम उराशी बाळगावा: न बदललेले पृष्ठ बदलले म्हणून सांगितले तर थोडे श्रम वाया जातात, पण बदललेले पृष्ठ न बदललेले म्हणून सांगितले तर कोणाची तरी माहिती नष्ट होते, म्हणून शंका येईल तेथे खूण करण्याकडेच झुकावे. हा नियम सर्वांत जास्त पाळावा लागतो तो टीएलबीच्या बाबतीत. पृष्ठकोष्टकात बंदी लिहिली, पण एखाद्या कोअरच्या टीएलबीत लेखनास मुभा देणारी जुनी नोंद राहून गेली, तर तो कोअर कोणताही फॉल्ट न घेता लिहीत राहतो. यासाठी जुनी नोंद रद्द झाल्याची खात्री होईपर्यंत यादी उपयोजकाच्या हाती पडता कामा नये. दुसरी काळजी पृष्ठ मेमरीबाहेर जाते तेव्हाची: स्वॅपमध्ये गेलेल्या पृष्ठाची खूण त्याच्या स्वॅप-नोंदीत, आणि भौतिक जागा बदलत असलेल्या पृष्ठाची खूण त्याच्या तात्पुरत्या नोंदीत, सोबत न्यावीच लागते. पृष्ठकोष्टकाच्या नोंदीचे रूप पालटणारी प्रत्येक वाट शोधून काढून तेथे ही तरतूद झाली आहे की नाही हे पाहणे कंटाळवाणे काम आहे, पण त्याला सुट्टी नाही.

शेवटी पडताळणी. एक थ्रेड काही हजार पृष्ठांच्या पट्ट्यात अनियमित क्रमाने पृष्ठ निवडून त्यात वाढता आकडा अखंड लिहीत राहील; दुसरा थ्रेड कोणालाही न थांबवता फेरीमागून फेरी स्कॅन करील आणि यादीत आलेली पृष्ठे आपल्या प्रतीत उतरवील; काही काळाने लेखक थांबवावा, एक अखेरची फेरी करावी, आणि मूळ पट्टा व प्रत बाइट-बाइट ताडून पाहावी. एकही फरक निघाला तरी नोंद निसटली, हे सिद्ध झाले. ही चाचणी आधी यादीची जागा मुद्दाम अगदी लहान ठेवून करावी, म्हणजे मध्येच थांबण्याची वाट तपासली जाईल. मग मेमरीची मर्यादा घट्ट करून पृष्ठे स्वॅपमध्ये ढकलावीत. मग मोठी पृष्ठे चालू आणि बंद अशा दोन्ही स्थितींत. आणि मग मधूनमधून फोर्क करणारा तिसरा थ्रेड जोडून ती पुन्हा चालवावी. कंटेनरांत ती करून पाहणाऱ्यांनी आधी यूझरफॉल्टएफडीची परवानगी तपासावी; सुरक्षेच्या कारणास्तव ती बऱ्याच ठिकाणी बंद ठेवलेली असते, आणि तशा ठिकाणी आपला कार्यक्रम सॉफ्ट-डर्टीवर आपोआप उतरणार असेल, तर त्या वाटेवर प्रक्रिया गोठवण्याची तजवीज केलेली असली पाहिजे.